विहीणबाईंबरोबर मेक्सिकोला

माझी विहीण बेलापूरची. नवरा गेल्यावर तिने ऊस एकटीने सांभाळला, दिराशी विहिरीच्या पाण्यावरून भांडत सांभाळला, आणि एकुलत्या मुलाला शिकवून अमेरिकेला पाठवलं. मी कोपरगावची. माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट होते, आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहिलो, त्यामुळे आम्हाला शेणामातीचा वास सहन होत नाही असं तिचं पक्कं मत. लग्नात तिच्या माहेरच्या माणसांची गाडी उशिरा आली, तोवर आमच्याकडच्या पंगती बसल्या होत्या. तेव्हापासून आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं राहिलं.

पण जावयाने, म्हणजे तिच्या त्या मुलाने, आम्हा दोघींची अमेरिकेची तिकिटं एकत्रच काढली. दोघी पहिल्यांदाच जाणार, सोबत होईल, असा त्याचा विचार. निघायच्या आदल्या दिवशी ती कोपरगावला आमच्याकडे मुक्कामाला आली. मुलांनी ह्यूस्टनहून पुढे चार दिवस मेक्सिकोच्या समुद्राकाठी न्यायचं ठरवलं होतं. ते ऐकून यजमानांनी तिला मोबाईलवर बातम्या दाखवल्या. कुठल्या तरी किनाऱ्यावर गोळीबार, कुठे गाडीत सापडलेली माणसं.

"ताई, तिकडं नका जाऊ," ते म्हणाले. "नात बघा, अमेरिका बघा आणि या."

तिने चष्मा लावून सगळं पाहिलं आणि मोबाईल परत दिला. "आमच्याकडं काय फुलं उधळत्यात व्हय?" एवढंच म्हणाली आणि चहा संपवला.

ह्यूस्टनला जावयाने समजूत घातली. मला तो मामी म्हणतो. "मामी, भांडणं त्यांच्या टोळ्यांची असतात. पर्यटकांना कोणी हात लावत नाही. सगळा धंदा पर्यटकांवर चालतो, हे गुंडांनाही कळतं. फक्त हॉटेलच्या बाहेर एकटं फिरायचं नाही, रस्त्यावरची टॅक्सी करायची नाही, बस्स."

हॉटेल म्हणजे एक गावच होतं. फाटकावर पहारेकरी, गाडीखाली आरसा घालून तपासणी, मनगटावर निळी पट्टी. ती पट्टी असली की हवं ते खा, हवं तिथं बसा. समुद्र खरोखर निळा होता. काठाला मात्र तपकिरी शेवाळाचे ढीग येऊन पडत आणि त्यांचा कुजका वास सुटे. विहीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मळीचा वास येतोय." मला हसू आलं. कारखान्याच्या वासात आयुष्य गेलेल्या माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

वाळूवरून सैनिक फिरत. हिरवे कपडे, लांब बंदुका, तोंडावर कापड. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं अर्ध्या कपड्यांत उन्हात पडलेली. विहीणबाईंनी मुलाला विचारलं, "कुनाला भ्या न्हाई, तर हे कशाला फिरत्यात?"

"आपल्याला सुरक्षित वाटावं म्हणून, आई."

पण ती खुर्ची नेहमी अशी लावून घ्यायची, की पाठीमागे भिंत आणि समोर सगळा किनारा.

खुर्ची लावून देणारा एक माणूस होता. पन्नाशीचा, ठेंगणा, पांढऱ्या शर्टात, डोक्याला टक्कल. टॉवेल वाटायचा आणि ऊन सरकेल तशा खुर्च्या झावळ्यांच्या छत्रीखाली ओढून द्यायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, विहीणबाईंनाही नव्हतं. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोले आणि तो आपल्या भाषेत उत्तर देई. तिने त्याला डब्यातला शेवगावचा चिवडा दिला. त्याने एक घास खाल्ला, तिखटाने डोळ्यात पाणी आलं, तरी पुन्हा हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला शहाळं फोडून आणून दिलं. माझ्याशी त्या दोन दिवसांत बोलली नसेल एवढं ती त्याच्याशी बोलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आणि जावई पाण्यात होते. नात आमच्याजवळ वाळूत खड्डा करत होती. लाटांच्या कडेने दोन तरुण चालत आले. चड्ड्या, टोप्या, एकाच्या खांद्याला पिशवी. दुसऱ्या कोणी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही, मी दिलं कारण पिशवीवाल्याच्या पायात बूट होते. वाळूत बूट घालून कोण फिरतं, एवढंच मनात आलं.

मग पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज झाला. मी वर बघितलं. आमच्यापासून तिसऱ्या छत्रीखाली एक जाडा माणूस खुर्चीतून उठायला गेला आणि तसाच मागे पडला. बूटवाल्याने त्याच्या छातीवर पुन्हा गोळ्या घातल्या. दुसरा तरुण इकडेतिकडे बंदूक फिरवत होता आणि मधूनच झाडत होता, बघून नाही, नुसताच. आमचा खुर्चीवाला तेव्हा शेजारच्या खुर्चीची पाठ वर करत वाकलेला होता. तो गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, लपतोय. मग त्याने गळ्याला हात लावला आणि बोटांच्या फटींतून रक्ताची धार आली.

मी नातीला उचललं आणि पळाले. मागे वळून पाहिलं नाही. सगळा किनारा हॉटेलच्या पायऱ्यांकडे धावत होता. कोणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात हलला. पायरीवर मी पडले, एका थोराड माणसाचा गुडघा माझ्या बरगडीत घुसला आणि श्वासच बंद झाला. नातीला पोटाखाली धरून मी तशीच पडून राहिले. माझ्या पाठीवरून माणसं गेली. मग एका बाईने, स्वयंपाकघरातली असावी, डोक्याला जाळी होती, मला काखेत धरून उठवलं आणि आत ओढलं.

तेलाच्या डब्यांच्या कोठीत आम्ही वीसेक माणसं होतो. दार लावलेलं. बाहेर पुन्हा आवाज झाले, या वेळी वेगळे, जाड. नात रडायला लागली तसा मी तिच्या तोंडावर हात दाबला. ती चावली. मी हात काढला नाही. माझी मुलगी पाण्यात होती, जावई पाण्यात होता, विहीण वाळूवर होती, आणि मी तेलाच्या डब्याला डोकं टेकून त्या पोरीचं तोंड दाबत होते. समोर एक गोरा तरुण उभ्या उभ्या थरथरत होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दार उघडलं तेव्हा त्या जाळीवाल्या बाईने मला बाहेर जाऊ दिलं नाही, मी तिचा हात झटकून गेले. नातीला खांद्यावर घेतलं, तिचं तोंड माझ्या मानेत दाबून ठेवलं.

विहीणबाई होती तिथेच होती. मांडी घालून बसलेली. खुर्चीवाल्याचं डोकं तिच्या मांडीवर, आणि पदराचा बोळा करून दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यावर दाबलेला. समोर दोन सैनिक बंदुका रोखून ओरडत होते. हात वर कर म्हणत असणार. ती हात वर करत नव्हती. ती मान हलवून मराठीत सांगत होती, "न्हाई सोडनार. सोडलं की मरंल. गाडी बोलवा आधी, गाडी."

सैनिक आणखी जोराने ओरडला. बंदुकीचं तोंड तिच्या कपाळापासून हातभर अंतरावर होतं. तेवढ्यात पाण्याच्या बाजूने जावई धावत आला. अंगावर नुसती ओली चड्डी, दोन्ही हात आभाळाकडे, आणि इंग्रजीत एकच शब्द ओरडतोय, "मदर, मदर." सैनिकाने बंदूक त्याच्याकडे वळवली. तो वाळूत पालथा पडला, हात पसरून. त्याच्या मागे माझी मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, तिला हलताच येत नव्हतं.

त्या गोंधळात खुर्चीवाला गेला. विहीणबाईंना ते हाताला कळलं. तिने बोळा काढला, त्याच्या पापण्या मिटल्या, आणि मग दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत लाल झाले होते. सैनिकाने तिला दंडाला धरून खेचून उठवलं तेव्हा खुर्चीवाल्याचं डोकं वाळूवर आपटलं. त्याबद्दल ती सैनिकावर ओरडली. मरणाऱ्याबद्दल नाही, डोकं आपटल्याबद्दल.

खोलीत तिला मी न्हाऊ घातलं. लुगडं सोडलं तर ते उभंच राहिलं, रक्ताने कडक झालेलं. तिच्या नखांतलं मी काडीने काढलं. ती म्हणाली, "तोंडातून न्हाई, गळ्यातून श्वास घेत हुता. बुडबुडं येत हुते." मग म्हणाली, "तुमी पोरीला नेलं ते लई बरं केलं." माझ्या मुलीच्या लग्नानंतर तिने माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द.

सकाळी खाली गेलो तर वाळू दंताळ्याने ओढून सारखी केलेली होती. खुर्च्या होत्या तिथेच होत्या. पोहण्याच्या तलावात गाण्यावर व्यायाम चालला होता, आणि माणसं, कालचीच माणसं, थाळीत कलिंगडाच्या फोडी घेऊन फिरत होती. टॉवेल वाटायला दुसराच माणूस उभा होता. विहीणबाई मुलाला म्हणाली, "ह्याला इचार, त्याचं घर कुठं हाय. बायकापोरं हायेत का."

जावयाने विचारलं. त्या माणसाने आधी मॅनेजरच्या दिशेने बघितलं आणि मान हलवली. मला काही माहीत नाही. मग टॉवेलची घडी घालत, खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, इथं विचारू नका.

मॅनेजर स्वतः आला. जावयाने त्याचं बोलणं सांगितलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, भांडण बाहेरच्या लोकांचं होतं, पाहुण्यांपैकी कोणालाही इजा झालेली नाही. आज रात्री खास जेवण हॉटेलकडून.

"पाहुण्यांपैकी," विहीणबाई म्हणाली. "आन् तो काय कुत्रं हुता?"

जावयाने हे भाषांतर केलं नाही. त्याच दिवशी आम्ही निघालो. त्या जाड्या माणसाला मारायचं होतं, हे दिसतच होतं. पण खुर्चीवाल्याला चुकून गोळी लागली की त्यालाही मारायचंच होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. जावयाने पुढे कितीतरी दिवस इंटरनेटवर शोधलं. बातमी चार ओळींची होती आणि तिच्यातही पर्यटक सुरक्षित असल्याचंच पुन्हा पुन्हा लिहिलं होतं.

कोपरगावला परतल्यावर यजमान "मी सांगत होतो" म्हणाले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. बाकी सगळ्यांनी विचारलं. भिशीतल्या बायकांना सगळं हवं होतं, रक्त किती होतं इथपासून. मी पहिल्यांदा सांगितलं, मग सांगणं बंद केलं. लग्नसराई सुरू झाली. रस्त्यावरून वरात चालली होती, फटाके वाजले, आणि मी भाजीच्या गाड्यामागे खाली बसले. भाजीवाला म्हणाला, "काय पडलं का मावशी?" मी म्हटलं, हो, किल्ली.

आठवड्याने विहीणबाईंचा फोन आला. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. "ताई, झोप लागती का?" तिने विचारलं.

"नाही."

"मला बी न्हाई. या की बेलापूरला चार दिस."

मी गेले. त्यानंतर जातच राहिले. आम्ही समुद्राबद्दल फारसं बोललो नाही. ती पहाटे मला उसात न्यायची, मी बांधावर बसायची, ती आणि तिचा सालगडी दारं धरायचे, पाटाचं पाणी सरीसरीत वळवायचे. तिथे मला झोप लागायची, बसल्या बसल्या.

अशाच एका सकाळी मोटर बंद पडली. तोडणी होऊन गेली होती, मागे राहिलेल्या बुडख्यांना, खोडव्याला पहिलं पाणी चाललं होतं. सालगडी विहिरीकडे बघायला गेला, मागोमाग आम्ही दोघी. विहिरीवर तिच्या दिराचा मुलगा होता आणि त्याच्याबरोबर अनोळखी दोघं. मोटरसायकली आंब्याखाली लावलेल्या. एकाने लोखंडी पाइपने स्टार्टरची पेटी फोडली होती, वायरी लोंबत होत्या. दिराच्या मुलाच्या हातात ऊसतोडीचा कोयता.

सालगडी म्हणाला, "दादा, हे बरं न्हाई." एवढंच. पाइपवाल्याने त्याच्या कानशिलावर पाइप हाणला. आवाज मऊ आला, भोपळा पडल्यासारखा. सालगडी आडवा झाला तरी दुसऱ्याने त्याच्या पोटात लाथा घातल्या. विहीणबाई चालत गेली. धावली नाही. सालगड्याच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"काकू, बाजूला व्हा," दिराचा मुलगा म्हणाला.

"मला हान आधी. इहीर तुज्या बापाची एकट्याची न्हाई. तुज्या चुलत्यानं खांदलीया ती, मी माती उपसलीया."

"पुतण्यानं मारलं असं लोकांनी म्हणू नये, म्हणून सांगतोय. बाजूला व्हा."

"मार की. कुनी बघाय न्हाई हितं."

त्याने कोयता उलटा धरून तिच्या खांद्यावर मारला. ती हलली नाही. मग त्याने तो सुलटा केला. तिने हात आडवा घातला आणि पातं मनगटाच्या वर हाडापर्यंत गेलं. पांढरं दिसलं आणि मग ते भरून आलं.

बांधाला टेकवून ठेवलेलं खोरं मी कधी उचललं ते मला आठवत नाही. साठी उलटलेली बाई मी, आयुष्यात पोरीलासुद्धा चापट मारली नव्हती. त्या पोराने माझ्या मुलीच्या लग्नात मला आग्रहाने जिलबी वाढली होती, तो चेहरा मला दिसत होता, तरी मी खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी वर नेऊन त्याच्या कानावर घातला. दांड्यातून तो फटका माझ्या खांद्यापर्यंत आला. तो वळला, मी पुन्हा मारला, या वेळी तोंडावर, आणि त्याच्या ओठातून रक्त उडालं. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मला थांबायचंच नव्हतं. तो खाली बसला तेव्हा मी तिसऱ्यांदा दांडा उचलला होता. विहीणबाई कापलेल्या हाताने मला आडवी आली.

"ताई, बास. मरंल तो."

शेजारच्या रानातली माणसं ओरडत आली तशी त्या दोघांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेलं. सालगडी आणि विहीणबाईला टेम्पोत घालून आम्ही श्रीरामपूर गाठलं. टेम्पोच्या फळीवर दोघांचं रक्त एकत्र वाहत होतं आणि ती मला म्हणत होती, "त्याच्याकडं बगा, मला काय झालं न्हाई."

सालगडी वाचला. एका कानाने त्याला आता ऐकू येत नाही. विहीणबाईच्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. जावयाने ह्यूस्टनहून फोन केला, त्याचा आवाज रडवेला होता. "आई, जमीन विकून टाक आणि इकडं ये. तिथं तू सुरक्षित नाहीस."

"बरं," ती म्हणाली. "बगू." फोन ठेवून तिने डाव्या हाताने कणीक मळायला घेतली.

मारामारी झाली त्याच दुपारी फौजदाराने येऊन पंचनामा केला होता. त्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही मारलंत का त्याला?" मी हो म्हटलं. दिराने उलटी फिर्याद दिली. त्यामुळे श्रीरामपूरच्या कोर्टात पुतण्यावर एक खटला आहे आणि माझ्यावर दुसरा. यजमानांच्या कॉलनीतल्या मित्रांना हे अजून खरं वाटत नाही. वकील म्हणतात, कदाचित समझोता होईल. विहीणबाई म्हणते, विहिरीचं लिहून दिलं तर.

मागच्या तारखेला आम्ही दोघी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. विहीणबाईची जाऊ आली, त्या पोराची आई. दुसरीकडे जागा नव्हती. ती थोडा वेळ खांबाला टेकून उभी राहिली, मग विहीणबाई सरकली आणि ती बसली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुलाचे पुढचे दोन दात मी पाडलेत.

मग जाऊ विहीणबाईला म्हणाली, "हात कसा हाय?"

"हाय. थंडीत ठनकतो."

"तिळाचं तेल लावा कोमट करून."

पुकारा झाला. साहेब रजेवर होते, पुढची तारीख मिळाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बेलापूरला जाणारी एकच जीप उभी होती, भरत आलेली, मागच्या बाकावर तीन जागा. आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो, मी कडेला, जाऊ मध्ये. खड्ड्यात जीप आदळली की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. कांद्याला भाव नाही, असं ती म्हणाली. विहीणबाई म्हणाली, औंदा कुनालाच न्हाई.